सावडीनं केलेले दोन प्रोजेक्ट

ज्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते, तिथं गेल्या वर्षी नोटीस बोर्डावर एक सूचना लागली. यापुढे विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट एका सॉफ्टवेअरमधून तपासले जातील आणि एआयकडून लिहून घेतलेला प्रोजेक्ट आढळला तर शून्य गुण मिळतील. खाली आमच्या विभागप्रमुख सरांची सही. पहिलंच वाक्य होतं, 'शैक्षणिक प्रामाणिकतेची समृद्ध परंपरा जोपासणे ही आपली सामूहिक जबाबदारी आहे.' आमचे सर असं बोलत नाहीत. सर बोलतात ते असं: "काय रे, कॅन्टीनमध्ये जन्माला आलास काय? चल वर्गात." त्यामुळे सूचना कुठून आली ते मी उभ्या उभ्या ओळखलं आणि सरांना विचारलंसुद्धा.

सर हसले. "अहो मॅडम, मसुदा त्या एआयकडूनच काढून घेतला. वाचला मी, सही मी केली. मग माझाच झाला की."

मला ते तेव्हा पटलं. मीसुद्धा नोट्स काढायला त्याची मदत घेते, आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. दिवसाला दोन कॉलेजं करायची, तासाप्रमाणे पैसे घ्यायचे, त्यात जे हाताशी आहे ते वापरायचं. मी काही कुणा प्राध्यापकाची मुलगी नाही. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे गेलेली पहिली मी, बी.ए. झालेली पहिली मी, एम.ए. झालेलीही पहिलीच. माझे वडील कोन गावाच्या बाजूला खाडीकाठी भात लावायचे आणि मासे धरायचे. ते गेल्यावर मी आणि आई टेमघरला भाड्याच्या खोलीत राहायला आलो. माझ्या नावापुढे जे लागलंय ते मी मिळवलंय, हे मी कुणालाही तोंडावर सांगते. गर्व म्हणा हवं तर.

म्हणूनच तिसऱ्या वर्षाच्या वर्गातल्या त्या दोघींकडे माझं जास्त लक्ष असायचं. वडप्याच्या हायवेवरून आत वळून गोदामांच्या रांगा संपल्या की डोंगराच्या पायथ्याशी एक आदिवासी पाडा आहे. तिथल्या दोघी चुलत बहिणी. एक थोडी मोठी, एक धाकटी. पाड्यात बारावीपर्यंत पोचलेली मुलं होती, पण पदवी कुणाकडे नव्हती. मोठी सकाळी कॉलेज करायची आणि दुपारच्या शिफ्टला गोदामात पॅकिंगला जायची. तिथल्या सुपरवायझरनं तिला सांगितलं होतं की ग्रॅज्युएट झालीस की वरच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसवतो, पण यंदाच, जागा अडवून ठेवता येणार नाही. तिनं ते मला एवढ्या वेळा सांगितलं होतं की मलाच ती खुर्ची डोळ्यांसमोर दिसायला लागली होती.

आमच्याकडे प्रोजेक्टात वेगळं पास व्हावं लागतं. बाकी सगळे पेपर सुटले आणि प्रोजेक्ट राहिला तर वर्ष राहिलं.

सगळे प्रोजेक्ट जमा झाले. माझ्याकडे गाइड म्हणून जे होते ते मी वाचून काढले. धाकटीचा विषय होता 'आमच्या पाड्यावरची सावड'. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भात लावणीच्या दिवसांत मजूर न लावता एकमेकांच्या शेतावर जायचं, आज सगळे तुमच्याकडे, उद्या सगळे आमच्याकडे, याला सावड म्हणतात. पैसा नाही. माणसाला माणूस. कुणी तगडा गडी पाठवतो, कुणाकडून म्हातारी येते, मोजताना दोघं सारखेच. आमच्या गावातही हे होतं, पण आमच्या शेतावर आता कुणाच्या तरी टाइल्सचं गोदाम उभं आहे, त्यामुळे मी ते फक्त लहानपणी पाहिलेलं.

तो प्रोजेक्ट मी वाचला आणि स्टाफरूममध्ये बसल्या बसल्या माझ्या तोंडातून 'अरे वा' निघालं. वाक्यं वेडीवाकडी होती, जोडाक्षरं चुकलेली, पण माणसं जिवंत होती. कोण म्हातारी लावणीला आली की काम कमी आणि तोंड जास्त चालवते, तरी तिला का बोलावतात, हे सगळं होतं. मी पेन्सिलनं भरघोस मार्क टाकले. सरांनाही दाखवला.

मोठीचा विषय होता 'गोदामांमुळे पाड्यातल्या स्त्रियांच्या कामात झालेले बदल'. तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत गुळगुळीत. 'बहुआयामी', 'सक्षमीकरण', 'या पार्श्वभूमीवर'. सॉफ्टवेअर एआयनं लिहिलेलं वाटेल ते लाल करतं. त्यात टाकल्यावर पान उघडलं ते जवळपास सगळं लाल. धाकटीचा हिरवा आला. अजून काहींचे थोडे थोडे लाल आले, पण एवढा लाल एकच.

सर म्हणाले, "नियम लावलाय आपण. शून्य."

"सर, एकदा तिला विचारते."

"विचारून काय होणार? रडेल. मग तुम्ही रडाल. मॅडम, भावनेत नाही जायचं."

मी म्हटलं, "मी रडत नाही सर. मी फक्त विचारते."

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी मोठीला थांबवलं. वर्ग रिकामा झाला होता. बाजूच्या गल्लीतल्या पॉवरलूमचा खडखडाट चालू होता, त्यामुळे आमच्या कॉलेजात हळू बोलता येत नाही, खासगी गोष्टीही जरा ओरडूनच सांगाव्या लागतात. मी प्रिंट तिच्यासमोर ठेवली.

"हा तू लिहिलास?"

तिनं वाकून पाहिलं. घाबरली नाही. "न्हाय मॅडम."

मला वाटलं होतं ती हो म्हणेल, मग मी पकडेन, मग ती कबूल होईल. हे सगळं मी मनात ठरवून आले होते.

"मग कुणी?"

"बहिणीनं."

"आणि बहिणीचा?"

"तिचा मी लिवला." जणू मी वेळ विचारली होती आणि तिनं सांगितली. "आमी सावडीनं केलं ना मॅडम. आधी तिचा, मंग माझा."

मी बसले. पहिल्या बाकावरच बसले.

मग तिनं नीट सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीत दोघींनी ठरवलं की एकेकीचा प्रोजेक्ट घ्यायचा आणि दोघींनी मिळून संपवायचा. पहिला धाकटीचा घेतला. मोठी म्हाताऱ्यांकडे जाऊन बसली, ऐकलं, हातानं लिहिलं. धाकटीनं ते कॉलेजच्या लॅबमध्ये टाइप केलं. मग मोठीची पाळी आली, आणि नेमका तेव्हा गोदामात सेलचा माल आला. दोन-दोन शिफ्ट. मोठी घरी यायची ती झोपायलाच. शेवटी धाकटीनं एक केलं. मोठी कामावरून चालत येताना ती वाटेवर आडवी जायची आणि फोन पुढं धरायची, बायकांचं काय काय झालं ते बोल म्हणून. मोठी चालता चालता बोलायची. जमा करायच्या आदल्या दिवशी धाकटी पाण्याच्या टाकीपाशी गेली, कारण पाड्यात रेंज तिथंच येते, आणि ते सगळं बोलणं तिनं अॅपमध्ये घालून सांगितलं की हे कॉलेजच्या भाषेत करून दे.

"तिनं मशीनकडून करून घेतला, ते तुला माहीत होतं?"

"नंतर सांगितलं तिनं."

"अगं, मग तुला राग नाही आला? तू तिच्यासाठी एवढं लिहिलंस, हातानं. आणि तिनं तुझं असं उरकलं?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. खरं सांगते, वर्गात एखाद्याला सोपी गोष्ट कळली नाही की मी जशी पाहते, तसंच.

"मॅडम, सावडीत असं नसतं इचारायचं. ती आली ना माझ्या कामाला? झालं. जशी जमली तशी आली."

"पण शून्य तुला मिळतंय."

आता कुठं तिचा चेहरा बदलला. "शून्य म्हंजे नापास?"

"नापास."

"यंदाच?"

"यंदाच."

तिनं प्रिंट माझ्याकडं सरकवली. मग म्हणाली, "तिचं नाव नका घेऊ. तिच्या प्रोजेक्टाला हात नका लावू मॅडम. माझ्याच्यासाठी काय होत असंल तर बघा."

घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच घोळ. नियमानं पाहिलं तर जिनं हातानं लिहिलं तिला शून्य, आणि जिनं मशीनला लावलं तिला वर्गातले सगळ्यांत जास्त मार्क. मी खरं सांगितलं तर दोघींनाही शून्य. गप्प बसले तर मोठी बुडणार. आणि मोठीच्या त्या गुळगुळीत प्रोजेक्टात होतं काय? ते तर तिचंच बोलणं होतं, वाटेवर चालताना केलेलं. शब्द तेवढे तिचे नव्हते. मग सरांची सूचना आणि तिचा प्रोजेक्ट यांत फरक काय? सरांनी वाचून सही केली, तिनं न वाचता दिला, एवढाच? की सर हे सर आहेत, हा?

आई मासे साफ करत होती. तिला मी सगळं सांगितलं, नावं न घेता. आईला एआय म्हणजे काय ते ठाऊक नाही, पण फोनला विचारलं की फोन लिहून देतो, एवढं तिला मीच दाखवलेलं.

आई म्हणाली, "मंग त्यात काय झाला? पोरीनं पोरीचा केला."

"आई, परीक्षा असते ती. आपली आपण द्यायची असते."

"तू दिलीस ती तुझी तू दिलीस?"

"मग कुणी दिली? मीच दिली."

"आन तवा घरातला पानी कोन भरायचा? भांडी कोन घासायचा? तुझी मोठी बहीन शालंतून काढली ती कशापायी काढली?"

मी म्हटलं, "त्याचा इथं काय संबंध?"

"न्हाय ना? नसंल." तिनं माशाचं डोकं कापून बाजूला टाकलं. मी चिडून आत गेले. थोड्या वेळानं ती मागून आली आणि एकदम दुसरंच बोलली, "पन त्या धाकटीनं वंगाळ केला हां. हातानं लिवायचा सोडून. उरकाउरकी केली तिनं. तिचं मार्क काप तू." म्हणजे आईचंही नक्की ठरत नव्हतं. मला जरा बरंच वाटलं.

त्याच आठवड्यात कोनला आमच्या भावकीत हळद होती. आगरी हळद म्हणजे काय असते ते इकडच्या माणसाला सांगायला नको. बेंजोचा दणदणाट, मांडवभर माणूस, आणि कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. तिथं माझ्याच वर्गातला एक मुलगा भेटला. त्यांची जमीन हायवेला लागून, तिथं त्यांचीच दोन गोदामं. तो वर्गात मॅडम म्हणतो आणि गावात ताई. चांगला मुलगा आहे, मला खुर्ची आणून दिली, पाणी आणलं. मग माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "ताई, माझा प्रोजेक्ट कसा झाला?"

"चांगला झाला की. हिरवा आला."

तो खूश झाला. "येणारच. पैसे भरून घेतलेलं अॅप हाय ते. पहिल्यात लिहून घ्यायचा, मग दुसऱ्यात टाकायचा. दुसरा त्याला माणसासारखा करतो. थोड्या चुकापन घालून देतो, मस्त."

"तू हे मला सांगतोस? मी तुझी गाइड आहे."

"अहो ताई, मांडवात सांगतो ना, कॉलेजात थोडीच सांगतो," असं म्हणून तो नाचायला गेला.

आता याचं मी काय करायचं होतं? सरांना जाऊन सांगायचं की मांडवात एक विद्यार्थी असं म्हणाला? त्याचा प्रोजेक्ट हिरवा होता. त्याच्या चुकासुद्धा विकत घेतलेल्या होत्या. आणि जिच्याकडे अख्खा फोनसुद्धा स्वतःचा नाही, तिचा लाल. मला त्या मुलाचा रागही येईना, कारण त्याला आपण काही वाईट केलंय असं वाटतच नव्हतं. मोठीलाही वाटत नव्हतं. सरांना वाटत नव्हतं. वाटत होतं ते फक्त मला, आणि मी तर काहीच केलं नव्हतं.

सोमवारी मी सरांसमोर गेले आणि म्हटलं, "तोंडी घ्या. आपण दोघं बसू. विषय तिला कळलाय की नाही ते बघू. नाही कळला तर द्या शून्य."

सर तसे वाईट नाहीत. ते म्हणाले, "ठीक आहे. पण तुमच्या त्या सावडवालीच्या प्रोजेक्टला हात लावायची गरज नाही, तो उत्तमच आहे." मी मान हलवली. इथं मी गप्प बसले ते मोठीनं सांगितलं म्हणून.

तोंडी परीक्षा विभागाच्या खोलीत झाली. मोठी केसांना तेल लावून, घट्ट वेणी घालून आली होती. सरांनी विचारलं, "गोदामांमुळे स्त्रियांच्या श्रमविभागणीत कोणते संरचनात्मक बदल झाले?"

ती म्हणाली, "आधी बाया बायांबरोबर कामाला जायच्या सर. आता शिफ्टबरोबर जातात. माझी काकी सकाळची, मी दुपारची. एकाच घरात राहून दोघींची गाठ न्हाय. सासू-सून भांडायच्या त्या पन आता फोनवर भांडतात."

मी हसले. सर हसले नाहीत, पण पेन खाली ठेवला त्यांनी. अजून विचारलं. जंगलातून लाकूडफाटा आणणं कमी झालं का, पैसा कुणाच्या हातात येतो, मुकादम कोण असतो. ती सगळं सांगत गेली. तिला विषय कळलाय हे भिंतीलाही कळलं असतं.

मग सरांनी प्रोजेक्ट हातात घेतला. "उत्तरं चांगली आहेत तुझी. पण ही भाषा बघ. 'बहुआयामी परिवर्तन'. आणि तू बोलतेस ती भाषा बघ. दोन्ही जुळत नाहीत. ही भाषा तुझी आहे का?"

ती म्हणाली, "न्हाय सर. भाषा फोननं घातली. माणसं माझी हायेत."

"म्हणजे कबूल आहेस," सर म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "संपलं मॅडम. तीच सांगतेय."

तेव्हा मला काय झालं कुणास ठाऊक. मी कॉलेजात कधीही घरची बोली बोलत नाही. बोलायची नाही असं ठरवूनच मी इथवर आले. पण मी म्हटलं, "सर, माझी तरी कवा जुळते? मी घरात बोलतंय ती येगळी, आन हितं तुमच्यासमोर बोलतंय ती येगळी. ही हितली भाषा मना कुनी तरी शिकवलीच ना? ती तुमी माझी धरता. हिची का न्हाय धरत?"

सर माझ्याकडं असे बघत होते की जणू खुर्चीत दुसरंच कुणीतरी येऊन बसलंय. मोठी तर तोंडावर ओढणी धरून हसू दाबत होती.

सर सावरले. "मॅडम, तुम्ही ती भाषा कष्टानं शिकलात. हिनं एका बटणावर घेतली. फरक आहे."

आणि खरं सांगू? तो फरक आहे. मी रात्रंदिवस घासून जे कमावलं ते कुणाला टाकीपाशी उभं राहून मिळावं, हे मला तरी कुठं आवडतंय? पण ते न मिळाल्यामुळं हिनं खाली राहावं, हेही आवडत नाही. दोन्ही एकदम कसं नावडतं ते मला कळत नाही.

सर्वांत शेवटी सर म्हणाले, "तुम्ही गाइड आहात. शून्य देऊ नका, ठीक आहे, तोंडीत ती पास आहे. पण लाल आलेल्या प्रोजेक्टला फार वर नेऊ नका, मला वर उत्तर द्यावं लागतं. तुमच्या जबाबदारीवर काय भरायचं ते भरा."

मार्क भरायला बसले तेव्हा दोघींची नावं माझ्यासमोर होती. मोठी पास होत होती. पण धाकटीपुढं मी पेन्सिलनं टाकलेला तो मोठा आकडा होता, आणि तो मोठीच्या कामाचा होता, हे आता मला माहीत होतं. तो तसाच ठेवायचा म्हणजे खोटं. काढून मोठीला द्यायचा म्हणजे सगळं उघडं. मी बराच वेळ बसले. मग मला वाटलं की सापडलं. सावडच आहे ना ही? माणसाला माणूस. दोघींनी मिळून केलंय, तर दोघींना सारखं. मी धाकटीचे मार्क खाली आणले, मोठीचे जितके वर नेता येतील तितके नेले, आणि दोघींपुढं एकच आकडा लिहिला. सही केली. त्या दिवशी मला फार हलकं वाटलं. मी माझ्याच मातीतल्या रीतीनं न्याय केला असं मला वाटलं, आणि बसमध्ये बसल्यावर स्वतःशीच हसले.

निकाल लागला. दोघी पास. मोठी पाड्यातली पहिली ग्रॅज्युएट असं मी म्हणणार होते, पण दोघी एकाच दिवशी झाल्या, तेव्हा पहिल्या दोघी म्हणायला पाहिजे. धाकटीचा फर्स्ट क्लास थोडक्यात गेला. माझ्या पेन्सिलचा आकडा राहिला असता तर गेला नसता.

मोठी मला भेटायला आली ती पेढे घेऊनच आली, पण पेढ्याचा पुडा टेबलावर ठेवला तो जरा जोरातच.

"मॅडम, तिचं मार्क का कमी केलं?"

मी तिला सगळं समजावलं. माणसाला माणूस, सारखं काम, सारखे मार्क. मी अगदी अभिमानानं सांगत होते.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, लावणी मिळून करतात. भात कुठं वाटून घेतात? भात ज्याच्या शेतात झालं त्याचं. तिच्या शेतात चांगलं आलं, ते तिचं. माझ्यात न्हाय आलं तर न्हाय आलं. तुमी तिचं भात कापून माझ्या घरात टाकलं."

"अगं, पण ते तू लावलेलं होतंस!"

"मंग? सावडीला गेल्यावर कुनी म्हंतं का, हे रोप मी लावलं, हे माझं?"

"आणि मी तसं केलं नसतं तर? तुझे मार्क आणखी कमी राहिले असते."

"राहिलं असतं. पास तर व्हते ना?"

मी चिडले. मी म्हटलं, "हे कॉलेज आहे, शेत नाही. इथं ज्याचं त्याचं मोजावंच लागतं. नाहीतर पदवीला अर्थ काय?"

तिनं पुडा सोडून माझ्यापुढं धरला. दोघींनी एक-एक पेढा खाल्ला. जाताना वाकून पाया पडली. पण पुन्हा तेच, "तिला इचारायचं तरी व्हतं."

तिला इचारायचं तरी व्हतं. मी धाकटीला एकदाही समोर बसवलं नव्हतं, हे मला ती गेल्यावर लक्षात आलं. मोठीनं सांगितलं होतं तिचं नाव घेऊ नका, म्हणून मी नाव घेतलं नाही, आणि मार्क मात्र घेतले.

आता मोठी गोदामाच्या वरच्या ऑफिसात बसते. परवा तिचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. कॉम्प्युटर आहे, एसी आहे, चहा जागेवर येतो. कामाचं विचारलं तर म्हणाली की दिवसभर ईमेल पाठवायचे असतात, कुणाचा माल अडकला, कुणाची गाडी उशिरा आली. इंग्रजीत.

"इंग्रजीत? जमतं तुला?"

"मॅडम, मी सांगते मराठीत, तो करून देतो. साहेबच म्हनले त्याच्याकडून घे म्हनून."

"आणि कुणी विचारत नाही, कुणी लिहिलं म्हणून?"

ती हसली. "हितं फक्त इचारतात, गेला का?"

मग मी विचारलं, धाकटी काय करते. धाकटीला एम.ए.ला यायचंय, म्हणाली, पण जिथं तिला जायचंय तिथं फर्स्ट क्लास मागतात. मागं गोदामात ट्रक रिव्हर्स घेत होता त्याचं बीपबीप मला फोनमधून ऐकू येत होतं.

"तिला माझ्याकडं पाठव," मी म्हटलं. "उद्याच पाठव."

"काय सांगनार तिला?"

"मला माहीत नाही गं," मी म्हटलं. "पण या वेळी आधी विचारीन."